वीजपेटीचे तोंड

स्मरणिकेसाठी धान्यबाजारासंबंधी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. भावांची चढउतार आणि बाजार समितीचे नियम यांविषयी आमच्याहून अधिकाराने लिहिणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मंडळाची क्षमा मागून आम्ही एका निराळ्याच विषयाकडे वळत आहोत. विषय आहे घरातील वीजपेटीचा, आणि त्यातही तारा ज्या ठिकाणी पेटीत शिरतात त्या जागेचा. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभे आयुष्य ज्वारी, तूर आणि हरभऱ्याच्या पोत्यांत गेले. विद्युत्शास्त्राचे पांडित्य आमच्यापाशी नाही. परंतु सन २०२२ च्या श्रावणात आमच्या बेळगावच्या घरी जो प्रसंग घडला, त्यानंतर या विषयातील जाणत्यांकडे बसून आम्ही जे समजून घेतले, ते सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवावे असे वाटते.

प्रसंग असा. आमची पेढी तळमजल्यावर, बिऱ्हाड वर, आणि त्याच्याही वर माळा. माळ्यावर रिकामे बारदान आणि वडिलांच्या हातच्या जुन्या चोपड्या ठेवलेल्या. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात सायंकाळच्या वेळी जिन्यापाशी मासळी तळल्यासारखा वास येऊ लागला. आमच्या घरात असा वास म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा सत्त्याऐंशी होते. त्यांनी दोन दिवस जिन्याकडची खिडकी लावून घेतली आणि तिसऱ्या दिवशी आम्हांला बोलावून विचारले, ‘‘घरात राहायचे की नाही ते एकदा सांग.’’ शेजारचे बिऱ्हाड मूळचे कारवारकडील. भिंतीला भिंत लागून असलेले, वीस वर्षांचा घरोबा. तरीही आमचा संशय तिकडेच गेला, आणि आम्ही स्वतः जाऊन आडून आडून तो विषय काढला. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

शेजारचे गृहस्थ रागावले नाहीत. ते म्हणाले, ‘‘काका, श्रावण चालू आहे. आमच्याकडेसुद्धा महिनाभर मासळी येत नाही.’’ मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, ‘‘वास सायंकाळीच येतो का? वरचा एसी लावल्यावर?’’ ते एका कारखान्याच्या विद्युत् विभागात नोकरी करून निवृत्त झालेले. ते तसेच उठून आमच्याबरोबर आले, जिन्यातल्या वीजपेटीपाशी उभे राहिले, आणि कोणालाही हात लावू न देता त्यांनी प्रथम मेन स्विच खाली ओढला.

विजेच्या सामानात जी कडक प्लास्टिके वापरतात, त्यांपैकी काही मर्यादेबाहेर तापली की त्यांतून मासळीसारखा वास सुटतो. विद्युत्कामातील माणसांना ही खूण पक्की ठाऊक असते. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत मात्र हा वास आला की पेटीवर नव्हे तर शेजाऱ्यावर संशय जातो, आणि त्यात मोलाचे दिवस निघून जातात. आमचे तीन दिवस गेले.

परवानाधारक वायरमनला बोलावून पेटी उघडली तेव्हा दोन दोष दिसले. पहिला न्यूट्रलच्या पट्टीवर होता. नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत त्या उन्हाळ्यात एसी बसविला होता. त्याची न्यूट्रल तार जोडताना, अगोदरच एक जाड तार असलेल्या भोकात ही दुसरी तार कोंबून एकाच स्क्रूखाली दोन्ही दाबल्या होत्या. स्क्रूने जाड तार धरली, दुसरी सैल राहिली. पट्टीचा प्लास्टिकचा आधार तेथे तपकिरी होऊन फुगला होता. वास होता तो याचाच. दुसरा दोष याहून गंभीर, पण त्याला वास नव्हता. एसीची केबल आत घेण्यासाठी पेटीच्या माथ्यावरची पत्र्याची चकती ठोकून काढली होती आणि त्या उघड्या भोकातून केबल तशीच आत सोडली होती. बाहेरचे जाड आवरण भोकाच्या वरच सोलून टाकलेले. आत गेल्या त्या केवळ रंगीत तारा. पत्र्याच्या कडेने लाल तारेच्या आवरणात खाच पाडली होती आणि खाचेच्या तळाशी तांबे चकाकत होते. आणखी थोड्या दिवसांत ते पत्र्याला टेकले असते.

पोते कोठे फाटते, हे आम्हा धान्यवाल्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ते पोटात क्वचित फाटते. फाटते ते दाभणाने शिवलेल्या तोंडाशी आणि हमालाचा आकडा लागतो त्या कानाशी. केबलचेही तसेच आहे. भिंतीतल्या पाइपात ती वर्षानुवर्षे निवांत पडून असते. तिचा घात होतो तो पेटीच्या तोंडाशी, कारण तेथे ती वळते, ताणली जाते, सोलली जाते आणि धारदार पत्र्याला घासते.

घरगुती तारेवरचे पी.व्ही.सी.चे आवरण जेमतेम एक मिलिमीटरच्या आत असते. सामान्य पी.व्ही.सी. सुमारे सत्तर अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते, आणि त्याच्या अलीकडेही ते ऊब लागताच मऊ पडते. विजेचा भार चढला की तार तापते, उतरला की निवते; त्याबरोबर ती सूक्ष्म प्रमाणात लांबते आणि आखडते. खाली पेढीत हमालाने पोते टाकले की भिंतीला हादरा बसतो. अशा रोजच्या शेकडो घासण्यांत मऊ आवरणावर पत्र्याची कड आरीसारखी चालते. म्हणून पहिला नियम असा की, कोणतीही तार उघड्या पत्र्याच्या भोकातून आत जाता कामा नये. पाइपातून येत असेल तर पाइपाच्या टोकाला बुश हवा. मोकळी केबल येत असेल तर तिच्या मापाची ग्लँड हवी. ग्लँड केबलला घट्ट धरते, त्यामुळे बाहेर ओढ बसली तरी तो ताण आतल्या स्क्रूपर्यंत पोहोचत नाही. निदानपक्षी भोकात रबरी ग्रोमेट तरी हवा. आणि केबलचे बाहेरचे आवरण पेटीच्या आत अंगुळभर तरी यावे. सोलणे ते त्यानंतर.

तांबे पत्र्याला टेकले म्हणजे काय होते? पेटीचे अर्थिंग उत्तम असेल, तर मोठा प्रवाह जमिनीकडे धावतो आणि एम.सी.बी. तत्काळ पडते. हा झाला भाग्याचा प्रकार. अर्थिंग क्षीण असेल, किंवा तांबे नीट न टेकता काजळीतून, ओलीतून थोडा थोडा प्रवाह झिरपत असेल, तर सोळा अँपिअरच्या एम.सी.बी.ला त्याची वार्ताही लागत नाही. समजा, तेथून केवळ तीनशे मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, गळती होत आहे. २३० व्होल्टांवर तिची शक्ती होते ६९ वॅट. एवढी उष्णता एका टिंबावर, रात्रंदिवस, धूळ आणि जळमटे यांच्या सान्निध्यात! आगीपासून संरक्षणासाठी तीनशे मिलिअँपिअरचे गळतीरोधक यंत्र बसवितात ते याच हिशोबाने. माणसाला धक्क्यापासून वाचविणारे यंत्र तीस मिलिअँपिअरचे असते, आणि घरात तेच असावे. बाजारात त्यास आर.सी.सी.बी. म्हणतात. आमच्या पेटीत ते नव्हते. आता आहे.

तथापि आर.सी.सी.बी. बसविली म्हणजे निश्चिंत झोपावे, असे नाही. आमच्या पेटीतील पहिला दोष, म्हणजे सैल स्क्रू, तिलाही दिसला नसता. हा मुद्दा बहुतेक गृहस्थांच्या ध्यानात येत नाही, म्हणून थोडा विस्तार करतो.

एम.सी.बी. प्रवाह किती जातो ते पाहते. आर.सी.सी.बी. गेलेला प्रवाह तितकाच परत आला की नाही ते पाहते. सैल जोडातून प्रवाह तितकाच जातो आणि तितकाच परत येतो. दोघींच्या खातेवहीत जमाखर्च बरोबर जुळतो. मध्ये जोडावर मात्र उष्णता निर्माण होत राहते. तिचे गणित शाळेत शिकलेलेच आहे: प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध. सैल जोडाचा विरोध एका ओहमचा पाचवा हिस्सा धरला आणि त्यातून दहा अँपिअर गेले, तर वीस वॅट उष्णता होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची झाळण्याची इस्तरी पंचवीस वॅटची असते आणि तिच्या टोकाशी कथील पाण्यासारखे वितळते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट. एसी चालू, त्यातच कोणी दोन हजार वॅटचा गीझर लावला, की त्याचेच पावणेनऊ अँपिअरच्या आसपास होतात. तापलेला जोड अधिक सैल होतो, सैल झाला की अधिक तापतो. व्याजावर व्याज चढावे तसा हा प्रकार आहे.

जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या तारा अद्याप आहेत, आणि खांबावरून मीटरकडे येणारी केबलही पुष्कळदा ॲल्युमिनियमचीच असते. हा धातू दाबाखाली हळूहळू दबत जातो, म्हणून आज घट्ट केलेला स्क्रू काही वर्षांनी ढिला आढळतो. शिवाय हवेने त्यावर जो थर चढतो तो विजेला अडवितो, आणि तांब्याशी थेट जोडल्यास ओलाव्यात तो गंजतो. अशा ठिकाणी दोन्ही धातूंना चालणारे लग वापरावे लागतात. बारीक बारीक तंतूंच्या तांब्याच्या तारेलाही लग किंवा टोपण दाबून मगच स्क्रूखाली घ्यावे. काही वायरमन तार भोकात मावत नाही म्हणून तिचे चार तंतू छाटतात. असे छाटताना दिसल्यास त्यांना चहा पाजावा आणि काम दुसऱ्याकडे द्यावे.

आता रिकाम्या भोकांविषयी. पेटी बनविणारे चारी बाजूंना अर्धवट कापलेल्या चकत्या ठेवतात. जेथून तार घ्यावयाची तेथील चकती ठोकून काढावयाची असते. घाईत चुकीची निघते, किंवा जुनी तार काढल्यावर भोक तसेच राहते. आमच्या पेटीला अशी तीन भोके उघडी होती आणि आत एक वाळलेली पाल व असंख्य मुंग्या मेलेल्या सापडल्या. मातोश्रींना आगीच्या धोक्यापेक्षा याचेच अधिक दुःख झाले. पाणी गाळून पिणाऱ्या घरात भिंतीवर असा सापळा टांगलेला होता, असे त्या म्हणाल्या. अहिंसेचा विचार बाजूला ठेवला तरी व्यवहार हाच आहे की, पाल उघड्या बसबारवर आडवी पडली की दोन ध्रुव जोडले जातात आणि ठिणगी उडते. भोक उघडे असेल तर ती ठिणगी, वितळलेला थेंब किंवा ज्वाळा बाहेर येते, आणि आगीला हवाही तेथूनच मिळते. ठोकून बसवावयाची झाकणे किरकोळ किमतीत मिळतात. पेटीच्या बंदिस्तपणाला जे आय.पी. क्रमांक देतात, त्यांतील पहिला आकडा हेच सांगतो: दोन असेल तर बोट आत जात नाही, चार असेल तर एक मिलिमीटर जाडीची तारही जात नाही. पेटीच्या माथ्याला चारचा दर्जा असावा, कारण वरून पडणारी वस्तू तेथेच आत शिरते.

या संदर्भात इंग्लंडमधील एक गोष्ट उद्बोधक आहे. तेथे घरोघरी प्लास्टिकच्या पेट्या रूढ होत्या. सैल जोडांमुळे आतून आगी लागून पेटीच पेट घेते, हे ध्यानात आल्यावर २०१५ साली तेथील वायरिंगच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१६ पासून घरातील नवी पेटी पोलादासारख्या न जळणाऱ्या द्रव्याची असावी असे ठरले. आपल्याकडे पत्र्याच्या पेट्या पूर्वीपासून प्रचारात आहेत, ही चांगली गोष्ट. परंतु पत्र्याच्या पेटीला चार भोके उघडी ठेवली की तिचा हा गुण फुकट जातो, आणि धारदार कडांचा अवगुण तेवढा पदरी राहतो.

लोखंडी पेटीसंबंधी आणखी एक बारकावा शेजारच्या गृहस्थांनी सांगितला. फेजची तार एका भोकातून आणि न्यूट्रलची दुसऱ्या भोकातून कधीही घेऊ नये. एकट्या तारेभोवती जे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, ते भोवतालच्या लोखंडात प्रवाह फिरविते आणि पत्रा आपोआप तापतो. जाणारी आणि येणारी तार एकाच भोकातून गेली की दोघींची क्षेत्रे परस्परांना छेद देतात आणि पत्रा थंड राहतो. तीन फेजच्या जोडणीत तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच भोकातून जावीत. ज्यांच्याकडे तीन फेजची चाळणयंत्रे किंवा डाळीची गिरणी आहे, त्यांनी हे अवश्य पाहावे. मोठ्या भारावर हा प्रकार हाताला जाणवण्याइतका तीव्र होतो.

पेटीच्या मागची बाजू कोणी पाहत नाही. आमची पेटी भिंतीवरून काढली तेव्हा तिच्यामागे मूठभर आकाराचे भगदाड निघाले. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगच्या काळात तारा माळ्यावर नेण्यासाठी ते पाडले होते आणि नंतर तसेच राहिले. पेटीतून ज्वाळा निघाली असती तर ती धुराड्यासारखी त्या भगदाडातून वर चढली असती, आणि वर होते ते कोरडे बारदान. त्याच्याखाली मातोश्रींची झोपण्याची खोली. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. पहाटे उठून दोन हमालांकरवी सगळे बारदान खाली आणविले.

अशी भगदाडे सिमेंटने किंवा गिलाव्याने भरावीत. केबलभोवतीची फट, जेथे पुढे तारा बदलाव्या लागतील, तेथे आगीत फुगून भोक बंद करणारा खास लेप मिळतो तो वापरावा. दारे-खिडक्यांच्या फटीत भरतात तो सामान्य फोम मात्र येथे चालत नाही; तो स्वतःच पेटतो. आमच्या वायरमनने प्रथम तोच आणला होता. नको म्हटल्यावर तो रुसला, पण त्याने तो परत नेला.

तारांच्या डब्यांवर एफ.आर. अशी अक्षरे असतात. तार जळणारच नाही, असा पुष्कळांचा त्यावरून समज होतो. वस्तुतः ज्वाळा तारेवरून पुढे पसरत जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. एफ.आर.एल.एस.मध्ये धूर कमी होतो. एच.एफ.एफ.आर. प्रकारात पी.व्ही.सी. जळताना सुटणारा घशाला झोंबणारा आम्ल वायू होत नाही. जिन्यातून तारा जात असतील तर आम्ही तिसरा प्रकार घेऊ. आगीत माणसे धुराने आधी कोसळतात आणि जिना हीच बाहेर पडण्याची वाट असते.

पावसाविषयी बेळगावकरांना निराळे सांगावयास नको. बाहेरून येणारी केबल शक्यतो पेटीच्या तळातून आत घ्यावी. वरूनच घेणे भाग असेल, तर शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, पेटीत उतरणार नाही.

गोदामाच्या पेटीला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे धान्याची धूळ. ती नुसती घाण नव्हे, जळणारे द्रव्य आहे. हवेत दाट पसरली असता ठिणगीने तिचा स्फोटही होतो. पेटीच्या उघड्या भोकांतून ती आत जाऊन जोडांवर थरावर थर बसते. तेव्हा गोदामातील पेटी धुळीपासून बंदिस्त अशीच घ्यावी, तिच्यापुढे निदान एक मीटर जागा मोकळी ठेवावी, आणि हंगामात कितीही माल आला तरी तेथे थप्पी लावू नये. मेन स्विचपर्यंत हात पोहोचण्यासाठी आठ पोती ओढावी लागतात, असे चित्र आम्ही आपल्याच बाजारात पाहिले आहे. खरे सांगावयाचे तर आमच्याच गोदामात पाहिले आहे.

स्वतः पेटी उघडण्याचे धाडस मात्र कोणी करू नये. मेन स्विच खाली केला तरी त्याच्या वरच्या बाजूला खांबावरून आलेली वीज जिवंतच असते. मीटरचे सील तोडणे तर सर्वथा वर्ज्य; त्यापलीकडचे काम वीजपुरवठा कंपनीकडे अर्ज करूनच करून घ्यावे. घरातील वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे, असा कायद्याचाही दंडक आहे. गृहस्थाने करावयाचे ते एवढेच की, काम चालू असता तेथे उभे राहावे आणि विचारावे: ग्लँड लावली का? एका स्क्रूखाली दोन तारा आहेत का? रिकामी भोके बुजविली का? मागच्या भिंतीत काय आहे? स्क्रू पेटीवाल्याने सांगितलेल्या मापाने आवळला की अंदाजाने? झाकण लावण्यापूर्वी मोबाइलवर आतील छायाचित्र घेऊन ठेवावे. पुढच्या वेळी कोणी काय बदलले, ते त्यावरून कळते. ज्यांची गोदामे मोठी आहेत त्यांनी भर हंगामात, भार चालू असता, उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी करवून घ्यावी. तापलेला जोड त्यात दिव्यासारखा उठून दिसतो.

आणि पेटीतून धूर येऊ लागलाच, तर पाणी ओतू नये. हात पोहोचत असेल तर मेन स्विच पाडावा, कोरड्या पावडरीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे, माणसे बाहेर काढावी आणि १०१ किंवा ११२ ला दूरध्वनी करावा.

आमच्या घरी एवढे सगळे करण्यास दीड दिवस लागला. ग्लँड, बुश आणि भोकांची झाकणे यांचे बिल चारशे रुपयांच्या आत आले, आर.सी.सी.बी. आणि नवी न्यूट्रल पट्टी यांचा खर्च निराळा. वडिलांच्या चोपड्या आता खाली पेढीतील लोखंडी कपाटात आहेत. श्रावण संपल्यावर शेजारच्या बिऱ्हाडात एके दिवशी खरोखरीच मासळी तळली गेली. मातोश्रींनी खिडकी लावून घेतली. पण सूनबाईला सांगून जिन्यातल्या पेटीवरून नजर फिरवून यावयास सांगितले, आणि मगच माळ हाती घेतली.